पायातली चप्पल निसटते, तेव्हा कळते का?

पाठीच्या आणि मानेच्या दुखण्याविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘शीर दबली आहे, असे सांगितले’ हे वाक्य आहे. ते कशावरून सांगितले, हे मात्र फार थोड्या पत्रांत आहे. आपल्या बोलीत ‘शीर’ हा एकच शब्द रक्तवाहिनीला, स्नायूच्या दोरीला आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूलाही लावला जातो आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. पुढील उत्तरांत मी या तंतूसाठी ‘मज्जातंतू’ हाच शब्द वापरला आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, परंतु मज्जातंतूचे दुखणे स्वतःच्या खुणा ठेवत जाते, आणि त्या खुणा रुग्णाला घरच्या घरी पुष्कळशा ओळखता येतात. एक पत्र बाकीच्यांच्या आधी घ्यायला हवे, म्हणून ते प्रथम घेतो.

प्रश्न : माझे यजमान ३८ वर्षांचे आहेत. दोन वर्षे त्यांचा डावा पाय कंबरेपासून दुखत असे. गेल्या दिवाळीत एका रात्री दोन्ही पायांत कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी लघवीला होईना. जवळच्या दवाखान्यात ‘गोळ्यांच्या उष्णतेने होते’ असे सांगून परत पाठवले. बसण्याची जागा बधिर झाली आहे, हे संकोचामुळे ते कोणालाच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शहरात नेल्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली. आता ते चालतात, पण लघवीसाठी अजून नळी घालावी लागते. आम्ही काय ओळखायला हवे होते? (एक वाचक भगिनी, बीड जिल्हा)

उत्तर : ताई, दोष तुमचा नाही, हे आधी सांगतो. हा आजार वारंवार दिसणारा नाही, आणि संकोच हा त्याचा सर्वांत मोठा मदतनीस आहे.

मज्जारज्जू प्रौढ माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याच्या खाली मज्जातंतूंचा एक झुबका मणक्यांच्या पोकळीतून उतरतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला अश्वपुच्छ म्हणतात. पाय, मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रिये यांचे तंतू याच झुबक्यात असतात. मणक्यांमधली गादी मोठ्या प्रमाणात मागे सरकली, तर हा संपूर्ण झुबका एकदम चेपला जातो. तेव्हा एका पायाचे दुखणे दोन्ही पायांत येते. सायकलच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो, नेमका तो भाग बधिर होतो. शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श कळत नाही. मूत्राशय भरलेले असूनही लघवीची जाणीव होत नाही, धार बारीक होते किंवा थेंबथेंब गळत राहते. असे गळणे पाहून ‘लघवी होते आहे’ असा समज होतो. प्रत्यक्षात ते भरलेल्या माठाचे ओसंडणे असते. शौचावरचा ताबा सुटणे आणि समागमाच्या वेळी संवेदना नसणे या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

कंबरदुखी असलेल्या माणसात यांपैकी एक जरी खूण नव्याने दिसली, तरी सकाळची वाट पाहू नये. जिथे एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया या दोन्ही सोयी आहेत, अशाच रुग्णालयात, गरज पडल्यास १०८ ची रुग्णवाहिका बोलावून, थेट न्यावे आणि दारातच स्पष्ट सांगावे की लघवीची जाणीव गेली आहे. ‘कंबर दुखते’ एवढेच सांगितले, तर रुग्णाला रांगेत बसवले जाते. लघवी पूर्ण अडण्याच्या आधी दाब काढता आला, तर ताबा परत येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत सांगायचे, तर मूत्राशयाचे तंतू पायांच्या तंतूंपेक्षा फार सावकाश सुधारतात आणि ही सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालू राहते. नळी स्वच्छतेने, ठरलेल्या वेळी घालत राहावी आणि मूत्ररोगतज्ज्ञांची तपासणी चुकवू नये.

प्रश्न : माझे वय ४४ असून मी टेम्पो चालवतो. महिन्यापूर्वी सिमेंटची गोणी उचलताना कंबरेत कट्ट आवाज झाला. आठ दिवसांनी उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरून, नडगीवरून थेट अंगठ्यापर्यंत कळ येऊ लागली. खोकलो की करंट लागल्यासारखे होई. आता गेल्या आठवड्यापासून दुखणे निम्म्याने कमी झाले आहे, म्हणून औषधे थांबवली. फक्त चालताना उजवी चप्पल निसटते. आता काही करण्याची गरज आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गरज आहे, आणि या अंकाची वाट न पाहता तुम्हाला हे कळवण्याची विनंती मी संपादकांना केली होती. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ‘फक्त’ या शब्दाने सुरू केले आहे.

तुम्ही कळेची जी वाट लिहिली आहे, ती कंबरेच्या पाचव्या मज्जातंतूची वाट आहे. कंबरेतून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या प्रत्येक तंतूचा त्वचेवरचा इलाखा आणि त्याचे स्नायू ठरलेले असतात. चौथ्या तंतूची कळ मांडीच्या पुढून गुडघ्यावर आणि नडगीच्या आतल्या बाजूला येते, आणि जिना चढताना गुडघा दगा देतो. पाचव्याची कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर व अंगठ्याकडे येते, आणि पाऊल वर उचलणे जड जाते. त्याखालच्या, म्हणजे त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या तंतूची कळ पोटरीतून तळव्याकडे व करंगळीकडे उतरते, आणि चवड्यावर उभे राहता येत नाही. शेजारच्या इलाख्यांच्या सीमा एकमेकांत मिसळलेल्या असल्यामुळे हा नकाशा काटेकोर नसतो, तरी दहा मिनिटांच्या तपासणीत तो पुष्कळ काही सांगतो. खोकणे, शिंकणे, शौचाला जोर करणे यांनी कळ पायात उतरणे आणि उभे राहण्यापेक्षा बसल्यावर ती वाढणे, या सरकलेल्या गादीच्या जुन्या ओळखीच्या खुणा आहेत. आपल्याकडे आयुर्वेदाने या दुखण्याला गृध्रसी म्हटले. ‘सायटिका’ हा शब्द आज गावोगावी पोचलेला आहे.

आता चपलेविषयी. आमच्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हा प्रश्न विचारायला शिकवले जाते : चप्पल निसटते, तेव्हा ती निसटल्याचे कळते का? बोटांनी चप्पल धरून ठेवण्याची ताकद कमी झाली असेल, तर ती निसटते आणि निसटल्याचे कळतेही. स्पर्शाची किंवा पावलाच्या स्थितीची जाणीव गेली असेल, तर माणूस चार पावले पुढे जातो आणि मागून कोणीतरी सांगतो की चप्पल राहिली. तुम्हाला निसटल्याचे कळते, असे पत्रावरून दिसते. म्हणून भिंतीचा आधार घेऊन दोन्ही टाचांवर दहा पावले चालून पाहा. उजवा चवडा डाव्याइतका वर राहत नसेल, तर पाचव्या तंतूची ताकद उतरली आहे. तसे असल्यास एक-दोन दिवसांच्या आत मज्जासंस्थेच्या किंवा मणक्याच्या तज्ज्ञांना दाखवा, आणि उजव्या पायाने ब्रेक नीट दाबता येतो की नाही हे डॉक्टरांनी तपासेपर्यंत टेम्पो चालवू नका.

दुखणे कमी झाले, ही चांगली बातमी असेलच असे नाही. तंतूभोवतीची सूज ओसरली की कळ थांबते आणि सोबत ताकदही परत येऊ लागते. हे खरे बरे होणे. परंतु तंतू फार चेपला गेला, तर तो निरोप नेणेच थांबवतो, मग दुखणेही थांबते आणि पाऊल मात्र लोंबू लागते. कळ कमी आणि ताकदही कमी, अशी जोडी दिसली, तर ती वाढत्या दुखण्यापेक्षा अधिक काळजीची आहे. ताकद शाबूत असलेल्या सायटिकाच्या बहुसंख्य रुग्णांना ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना उतार पडतो, कारण बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. उतरत चाललेल्या ताकदीला मात्र हा सवलतीचा काळ लागू होत नाही.

प्रश्न : पाण्याची कळशी उचलताना कंबरेत उसण भरली. कंबर आणि कुल्ला दुखतो, वाकता येत नाही. पायात काही नाही. शेजारच्या बाई म्हणतात, शीर दबली असेल, लगेच एमआरआय काढा. काढावा का? (एक गृहिणी, सांगली)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून तरी नको. उसण हे स्नायूंचे व मणक्यांच्या सांध्यांचे दुखणे आहे. ते खोल, बोथट असते, हालचालीने वाढते, कधी मांडीपर्यंतही जाणवते, पण सहसा गुडघ्याच्या खाली उतरत नाही. मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा त्याच्याबरोबर येत नाही. उताणे झोपून, गुडघा ताठ ठेवून, दुसऱ्या कोणाला तुमचा पाय सावकाश उचलायला सांगा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली चमक उतरली, तर मज्जातंतूचा संशय घ्यावा. मांडीच्या मागे नुसता ताण बसला, तर तो स्नायूचा ताठरपणा समजावा. शेक घ्या, झेपेल तेवढे चालत राहा, आणि एक-दोन दिवसांपेक्षा अधिक अंथरुणाला खिळून राहू नका. बहुतेकांची उसण काही आठवड्यांत जाते.

मात्र एक पथ्य पाळा. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, बराच काळ घेतलेली स्टेरॉइड औषधे किंवा साठीनंतरचे साधेसे पडणे, यांपैकी काही असेल, तर पायात कळ नसली तरी तपासणी करून घ्यावी. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली ज्याचे वर्णन केले, तो मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही भरपूर आढळतो, आणि आरंभीचे कित्येक आठवडे तो साध्या पाठदुखीच्या वेषात वावरतो.

प्रश्न : मी शिवणकाम करते, वय ४६. रात्री दोन-तीन वाजता उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरे वाटते. मानेच्या क्ष-किरण चित्रात मणके झिजल्याचे सांगितले आणि चार महिने पट्टा वापरायला लावला. मुंग्या तशाच आहेत. (एक वाचक भगिनी, इचलकरंजी)

उत्तर : हात झटकून बऱ्या होणाऱ्या रात्रीच्या मुंग्यांचा उगम बहुधा मानेत नसतो, मनगटात असतो. तळहाताकडे जाणारा एक मज्जातंतू मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातो आणि तिथे सुजेने चेपला जातो. कात्री, सुई आणि कापड ओढणे ही तर मनगटाचीच कामे आहेत. शेचाळिसाव्या वर्षी मानेच्या चित्रात झीज दिसणे हे केस पिकू लागण्याइतके स्वाभाविक आहे. ती दिसली म्हणून तीच कारण ठरत नाही.

फरक असा ओळखा. मनगटाच्या दुखण्यात अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची केवळ अंगठ्याकडची बाजू बधिर होते. अनामिकेच्या दोन बाजूंना वेगवेगळा स्पर्श जाणवला, तर ती मनगटाची जवळजवळ सहीच समजावी, कारण मानेतून येणारा तंतू बोटाची अशी उभी वाटणी सहसा करत नाही. मानेच्या दुखण्यात कळ खांद्याच्या पात्यापासून दंडातून खाली येते. मान मागे टाकून त्याच बाजूला झुकवली की ती हातात उतरते, आणि हात डोक्यावर ठेवला की पुष्कळदा थांबते. सहावा तंतू दबला तर अंगठा व तर्जनी, सातवा दबला तर मधले बोट आणि कोपर सरळ करण्याची ताकद, आठवा दबला तर करंगळीची बाजू आणि मुठीची पकड बिघडते. एकट्या करंगळीच्या मुंग्यांसाठी मात्र कोपरही तपासावे. कोपर कशावर आपटले की जिथे झिणझिण्या येतात, तिथेच तो तंतू उघड्यावर असतो.

मज्जातंतूंच्या वहनाची तपासणी करून घ्या, सोबत थायरॉइड आणि रक्तातील साखर पाहा. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधल्याने अनेकांना आराम पडतो. मानेचा पट्टा डॉक्टरांना विचारून सोडा. दीर्घकाळ वापरल्यास तो मानेचे स्नायू दुबळे करतो. ज्यांनी ‘दोन्ही तळपायांना सारख्याच मुंग्या येतात’ असे लिहिले आहे, त्यांनी मणक्याकडे वळण्याआधी मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी. शाकाहारी घरांत ही कमतरता नेहमी आढळते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. वर्षभरात त्यांना ब्लाउजचे हुक लावता येईनासे झाले, भाकरी थापताना हात वळत नाही, चालताना कापसावर पाय पडल्यासारखे वाटते म्हणतात. मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखे होते. मान फारशी दुखत नाही. वयामुळे असावे, असे सगळे म्हणतात. एक ओळखीचे गृहस्थ मान झटका देऊन बसवून देतात, त्यांच्याकडे न्यावे का? (एक सूनबाई, नाशिक)

उत्तर : कृपा करून नेऊ नका. मानेला झटका देणे, मालिश करून ती मोडणे, हे सासूबाईंच्या बाबतीत धोक्याचे आहे. तुम्ही वर्णन केलेल्या खुणा एखाद्या तंतूच्या नसून खुद्द मज्जारज्जूवर मानेत दाब आल्याच्या असू शकतात. या आजाराची फसवणूक हीच की दुखणे थोडे असते किंवा नसतेच. बोटांचे बारीक काम बिघडते, अक्षर बदलते, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, लघवीला लागली की थांबवत नाही. आणि हे सगळे वयाच्या खात्यावर जमा होते.

घरी एक चाचणी करून पाहा. त्यांना हाताची मूठ पूर्ण मिटायला आणि पूर्ण उघडायला सांगा, जमेल तितक्या भराभर, आणि १० सेकंदांत किती वेळा झाले ते मोजा. निरोगी हाताला साधारण २० वेळा जमते. त्याहून बरेच कमी झाले, किंवा करंगळीकडची बोटे मागे रेंगाळली, तर संशय बळावतो. फरशीच्या सरळ रेषेवर, एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत, त्यांचा हात धरून त्यांना चालवून पाहा. मानेचा एमआरआय इथे खरोखर हवा आहे आणि तो याच आठवड्यात व्हावा. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर तिचा मुख्य हेतू बिघाड आहे तिथे थांबवणे हा असतो. गेलेले किती परत येईल, हे दाब किती दिवस होता यावर अवलंबून असते. म्हणूनच या वर्षभराचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, वय ७०. अर्धा किलोमीटर चाललो की दोन्ही पोटऱ्या भरून येतात व सुन्न होतात. पारावर दोन मिनिटे बसलो की पुन्हा चालता येते. सायकल मात्र कितीही चालवतो. सायकलवर पाय मोकळे, मग चालतानाच असे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : गुरुजी, सायकलचा उल्लेख केलात, ते फार बरे झाले. कंबरेतील मणक्यांची पोकळी वयाने अरुंद होते. ताठ उभे राहिले की ती आणखी आकसते, पुढे वाकले की थोडी मोकळी होते. सायकलवर आपण वाकलेले असतो, म्हणून त्रास होत नाही. चढापेक्षा उतारावर अधिक त्रास होत असेल, तर त्याचेही कारण हेच. पायाच्या धमन्या अरुंद झाल्यावरही चालताना पोटऱ्या भरून येतात, पण ते दुखणे नुसते उभे राहिल्यानेही थांबते, आणि सायकलवरही छळते. तंबाखू किंवा मधुमेह असल्यास पायाच्या नाड्या आवर्जून तपासून घ्या, कारण या वयात दोन्ही आजार एकत्र नांदू शकतात.

प्रश्न : पाय सुन्न नाही, कळ नाही, अधूनमधून पाठ अवघडते. तरी एमआरआय केला. त्यात तीन ठिकाणी गादी फुगल्याचे आले. तेव्हापासून झोप लागत नाही. शस्त्रक्रिया टळेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शस्त्रक्रियेचा प्रश्नच दिसत नाही. १९९४ साली अमेरिकेत, पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढून पाहण्यात आले. त्यांतील ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी गादी फुगलेली होती, २७ टक्के लोकांत ती बाहेर डोकावलेली होती, आणि सर्व गाद्या निर्दोष असलेले ३६ टक्केच निघाले. चित्रातला बिघाड आणि शरीरातली खूण एकाच तंतूकडे बोट दाखवत असतील, तरच त्या चित्राला अर्थ येतो. तुमच्या शरीरात तशी खूणच नाही. अहवाल कपाटात ठेवा आणि रोज अर्धा तास चाला.

प्रश्न : चार दिवसांपासून उजव्या बरगडीखाली, पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखी आग होते. कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. सोनोग्राफी चांगली आली. (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : एकाच बाजूला, पट्ट्यासारखी, मध्यरेषा न ओलांडणारी आग ही छातीतल्या एका मज्जातंतूची वाट असते. अशी आग पुष्कळदा नागीण उठण्याच्या काही दिवस आधी सुरू होते. रोज आरशात त्या भागाची त्वचा पाहा. लाली किंवा पाण्याने भरलेले बारीक फोड दिसताच ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले पाहिजे. त्यावर लेप लावण्यात वेळ घालवू नका. फोड न येता आग आठवडाभर टिकली, किंवा पायांत जडपणा आला, तर पाठीच्या मणक्यांची तपासणी करून घ्या.